मुंगीचं पान

ऑफिसात त्याला सगळे वेलांटी म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. झालं होतं असं, की नोकरीला लागल्या लागल्याच त्याच्यापुढे एका बँकेची वेबसाइट आली. तिथल्या ओळी इतक्या दाटीवाटीने बसवल्या होत्या, की खालच्या ओळीतल्या वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन धडकत. साहेब म्हणाले, "चालतंय की. कोण बघतंय एवढं?" हा म्हणाला, "वेलांटी अडकलीय, साहेब." दुपारपर्यंत तो हेच म्हणत राहिला. शेवटी साहेबांनी हात जोडले, "सोडव बाबा एकदाची तुझी वेलांटी!" तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलंच.

वेबसाइटवरचा मजकूर डोळ्यांना सुखाने वाचता यावा, हे त्याचं काम. अक्षर कुठलं घ्यायचं, केवढं घ्यायचं, ओळ किती लांब जाऊ द्यायची, दोन ओळींत आणि कडेला मोकळी जागा किती ठेवायची, हे सगळं तो ठरवी. कुणी "म्हणजे सजावट करता तुम्ही," असं म्हटलं, की त्याच्या कपाळाला आठी पडे. तो म्हणे, "पायात बूट आहे हे चालताना विसरलात, तर बूट चांगला. माझंही तसंच आहे." यावर बहुतेक लोक आपल्या बुटांकडे बघत आणि विषय बदलत.

राहायला तो कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर, एका खोलीत. दिवसभर खालून यंत्रांची घरघर येई आणि जिना साबणाच्या वासाने भरलेला असे. आधी त्याचंही चारचौघांसारखं घर होतं. मग तो आणि बायको वेगळे झाले. आदळआपट काही झाली नव्हती. हळूहळू बोलणं संपत गेलं आणि एक दिवस दोघांच्याही लक्षात आलं, की आता भांडायलाही काही उरलेलं नाही. ती भूलतज्ज्ञ. तिला दुसऱ्या शहरात, तिच्या माहेरच्या गावी, मोठ्या इस्पितळात जागा मिळाली. तिकडे जायला बसने अख्खा दिवस लागे. मुलगी तिच्याबरोबर गेली, हे ओघानेच आलं.

मुलीला तो मुंगी म्हणायचा. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि एक क्षण स्थिर नसायची, म्हणून. आता ती नऊ वर्षांची झाली होती, उंचीने आईकडच्या आजीच्या खांद्याला लागत होती, तरी मुंगीची मुंगीच राहिली.

मुंगीच्या आईची संध्याकाळची ड्युटी असे. त्यामुळे असं ठरलं होतं, की संध्याकाळी याने फोन करायचा आणि आई घरी येईपर्यंत मुंगीला गोष्ट वाचून दाखवायची. मुंगी साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा करी आणि टेबलावर हनुवटी ठेवून बसे. मागे आजी भाजी चिरताना अर्धी दिसे. वेलांटी आपल्या कॉम्प्युटरवर गोष्टींची एक वेबसाइट उघडी आणि वाचायला लागे.

गोष्ट होती जहाजावरच्या एका मांजरीची. खलाशी तिला कप्तानीण म्हणत. ती होकायंत्रावर झोपायची, त्यामुळे जहाज कुठे चाललंय ते तिच्या झोपेवर अवलंबून. प्रकरणामागून प्रकरणं होती, संपता संपत नसत. वेलांटी प्रत्येकाला वेगळा आवाज देई. कप्तानाला नाकातून, जहाजावरच्या आचाऱ्याला घोगरा, फाटका. आचारी ओरडायला लागला, की मुंगी हसून लोळे आणि पलीकडून आजी म्हणे, "अहो, हळू! शेजारी धावत येतील."

वेलांटीचा अख्खा दिवस त्या एका तासाकडे तोंड करून असे. दुपारी चारनंतर तो घड्याळाकडे बघू लागला, की शेजारच्या टेबलावरचा कोडवाला म्हणे, "झालं, लागले ह्याला डोहाळे."

एका संध्याकाळी फोन मुंगीने उचलला नाही, तिच्या आईने उचलला. ड्युटी बदलून घेतली होती. आवाज ऑपरेशनच्या खोलीतल्यासारखा, शांत.

"शाळेत बोलावलं होतं," ती म्हणाली. "मुंगी वाचतच नाही. वर्गात उभं केलं की चार शब्द वाचते आणि गप्प बसते. बाई म्हणाल्या, घरी कोणी वाचून दाखवतं का? मी म्हटलं, हो, तिचे बाबा दाखवतात."

"मग?"

"मग काय? आयतं मिळाल्यावर कोण कष्ट करतंय? तू वाचतोस, म्हणून ती वाचत नाही."

हे त्याला लागलं. पण लागलं म्हणून खोटं होतं असं नाही, हेही त्याला कळत होतं. त्याने मुंगीला फोनवर बोलावलं. ती नखं खात आली.

"मुंग्ये, खरं सांग. आळस करतेस?"

मुंगीने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "बाबा, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. मी एकाला धरलं की दुसरं पळतं."

त्या रात्री त्याने ती गोष्टींची वेबसाइट पहिल्यांदा नीट बघितली. रोज वाचत होता, पण आपल्या धंद्याच्या डोळ्यांनी कधी बघितली नव्हती. वाचताना त्याचा एक डोळा कायम मुंगीच्या चेहऱ्यावर असे ना. आता बघतो तर काय, किडकिडीत करडी अक्षरं पिवळट पानावर पसरलेली. ओळी या कडेपासून त्या कडेपर्यंत, माणूस परत येईपर्यंत दमावा अशा. दोन्ही कडा सरळ यायला हव्यात म्हणून शब्द ओढूनताणून बसवलेले, कुठे मोठमोठ्या फटी तर कुठे नुसती कोंबाकोंबी. बँकेची वेलांटी सोडवायला तो साहेबांशी भांडला होता, आणि आपली पोर अशाच पानांशी झगडत असेल हे त्याला सुचलं नव्हतं.

त्याने वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल केला. गोष्टी लिहिणारी एक आजीबाई निघाली. दुसऱ्याच दिवशी तिचं उत्तर आलं. "माझ्या पुतण्याने बनवून दिली आहे. मला स्वतःला ती वाचता येत नाही, पण त्याला कसं सांगू? तुम्ही मुलीसाठी हवं तसं पान करा. मी एकेक प्रकरण पाठवत जाईन."

मग रजा काढून तो तिकडे गेला. मुंगीच्या आईने दार उघडलं, "ये," म्हणाली, पाणी दिलं आणि ड्युटीवर गेली. आजीने त्याला पूर्वीसारखंच वाढलं. जावई राहिला नव्हता तरी तो तिला "आई" म्हणत होता आणि ती त्याला "अहो-जाहो" करत होती. दोघांनीही ते बदललं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बापलेक बसले. त्याने येतानाच एक पान तयार करून आणलं होतं. त्याच्या आवडीचं अक्षर लावलं होतं, उभ्या रेघा भरदार, आडव्या केसासारख्या नाजूक. जिवापाड आवडायचं त्याला ते.

मुंगीने डोळे बारीक केले. "छान आहे," ती म्हणाली.

"वाच ना मग."

"दिसायला छान आहे, बाबा. वाचायला नाही."

त्याचा चेहरा पडला. आजी मागून फिस्सकन हसली.

"हे बघ," मुंगीने स्क्रीनवर बोट टेकवलं. "इथे 'खलाशी' आहे ना? मी 'रवलाशी' वाचते. मग मला कळत नाही रवलाशी कोण. मग पुढचं सगळंच चुकतं."

त्याने वाकून पाहिलं. खरंच, ख मधली खालची ती बारीक जोडणी इतकी नाजूक होती, की स्क्रीनवर विरूनच जात होती. र वेगळा, व वेगळा. कितीतरी वर्षं तो या अक्षरावर लट्टू होता.

त्याने मुकाट्याने ते काढलं. दुसरं लावलं, साधं, सगळीकडे सारख्या जाडीचं, शेतात राबणाऱ्या माणसासारखं धट्टंकट्टं. मुंगी म्हणाली, "हं, आता खलाशी आला."

दोन दिवस हेच चाललं. तो काही बदले, ती वाचायला जाई, आणि जिथे अडखळे तिथे तो तिला विचारी. ओळ संपवून परत येताना ती पुन्हा त्याच ओळीत शिरते असं कळल्यावर त्याने ओळी आखूड केल्या आणि दोन ओळींत पाय ठेवायला जागा होईल एवढं अंतर सोडलं. पांढरंशुभ्र पान तिच्या डोळ्यांत उन्हासारखं घुसे. ते त्याने किंचित मळवलं, अक्षरही एकदम काळंकुट्ट ठेवलं नाही. उजवी कड सरळ करण्याचा हट्ट सोडला. कागद फाडल्यासारखी ती वाकडीतिकडी राहू दिली, पण प्रत्येक शब्द आपापल्या जागी सुखाने बसला. शब्दांमधलं अंतर वाढवलं. मजकुराचे मोठे ठोकळे फोडून चार-चार ओळींचे केले.

"आता?" तो विचारी.

"अजून ढकलाढकल आहे."

"आता?"

"आता रांगेत उभी आहेत."

रविवारी संध्याकाळी मुंगीने बोट न लावता एक अख्खा परिच्छेद वाचला. मध्ये दोनदा थांबली, एकदा मागे गेली, पण पोचली. आचाऱ्याच्या वाक्याला तिने स्वतःहून घोगरा आवाज काढला. आजीने पदराला हात पुसत डोळ्यांचंही उरकून घेतलं. वेलांटी उठून खिडकीशी गेला आणि उगाचच बाहेरचा रस्ता बघत राहिला.

नुसत्या अक्षरांनी जादू होत नाही हे तो जाणून होता. त्याने मुंगीच्या आईला तसं सांगितलंही. तिने तपास करून, ज्यांची अक्षरं अशी पळतात त्या मुलांना शिकवणाऱ्या एक बाई शोधल्या. त्या मुंगीकडून वाळूत अक्षरं गिरवून घेत, टाळ्या वाजवत शब्द फोडायला लावत. बाईंनी वेलांटीचं पान पाहिलं आणि म्हणाल्या, "हे हिच्यासाठी राहू द्या. वाट सोपी झाली, की पोर चालायला कंटाळत नाही."

पुढचे काही आठवडे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले. आजीबाईंकडून प्रकरण येई, ते असे कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये. इकडे आणलं की जोडाक्षरं फुटत, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसत. तो ऑफिसातून आला की एकेक ओळ हाताने सारखी करी आणि पानावर टाकी. संध्याकाळी अर्धं मुंगी वाचे, अर्धं तो. मुंगीची ओळ संपायला वेळ लागे. तो वेळही त्याला गोड वाटे. ती शब्दाला भिडत असताना ओठ चावे आणि जिंकली की चटकन वर बघे, त्याने पाहिलं का म्हणून.

मग एक दिवस त्याने वाचायला सुरुवात केली आणि मुंगी म्हणाली, "हे झालं माझं."

"कधी?"

"दुपारी. पुढचंही झालं. बाबा, तू खूप मागे आहेस."

तो हसला. "बरं, मग आज तू मला वाचून दाखव."

"मोठ्याने वाचायला वेळ लागतो रे. मनातल्या मनात पटकन होतं."

त्याने ते प्रकरण बंद केलं. मग गमतीने विचारल्यासारखं विचारलं, "आणि मनात आचाऱ्याचा आवाज कोणाचा येतो?"

मुंगीने खरंच विचार केला. "आधी तुझाच यायचा. आता त्याला त्याचाच आवाज आलाय."

तिने हे इतकं निर्मळपणे सांगितलं, की त्याला रागवायलाही जागा नव्हती.

फोन कमी होऊ लागले. रोजचे एक दिवसाआड झाले. फोन लागला तरी मुंगीची नजर बाजूला जाई. "बाबा, मी वाचतेय, नंतर करू?" ती म्हणे. नंतर म्हणजे रविवार. तो "कर की," म्हणे आणि संध्याकाळी हात मोकळे पडले म्हणून खोली झाडून काढी. खोली कधी नव्हे इतकी स्वच्छ राहू लागली. खालचा धोबी एकदा म्हणाला, "काय हो, घरात कोणी येणार आहे का?"

मग त्याच्या हातून एक भलतंच घडलं. आजीबाईंनी पुढची पाच प्रकरणं एकदम पाठवली होती. त्याने ती सारखी करून ठेवली आणि पानावर टाकली नाहीत. ठरवून असं काही नव्हतं. आज कंटाळा आलाय, उद्या टाकू, इतकंच मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मुंगी! "बाबा, पुढचं टाकलंस?"

"काम होतं गं ऑफिसात. टाकतो."

"कप्तानीण पाण्यात पडलीय. ती वाचते का?"

"बघू आता. तू काय केलंस आज?"

आणि मग ती बोलत बसली. शाळेतली भांडणं, आजीचा हरवलेला चष्मा, वाळूतली अक्षरं. तास कसा गेला कळलं नाही. पुढच्या दिवशी पुन्हा फोन, त्याच्या पुढच्या दिवशीही. "टाकलंस?" "आज टाकतो." वेलांटी शीळ घालत जिना चढू लागला. कोडवाल्याने विचारलं, "स्वारी खुशीत दिसतेय?" तो म्हणाला, "पोरगी रोज फोन करते." कशासाठी करते, ती मधली ओळ त्याने गाळली.

आठवडा असाच गेला. मग फोन आला तो आजीचा. ती कधी स्वतःहून फोन करत नसे.

"अहो, एक विचारू? त्या गोष्टीचं पुढचं काही येणार आहे का? नाही, पोर रोज संध्याकाळी तेच मागचं पान काढून बसते. सगळं पाठ झालंय, तरी वाचते. काल मी म्हटलं, अगं, दुसरं काहीतरी वाच. तर म्हणाली, दुसरीकडची अक्षरं पळतात. बाबांच्या इथलीच थांबतात." आजीने आवाज खाली आणला. "तुम्ही कामात असाल. पण ती वाट बघते हो."

"टाकतो, आई," तो म्हणाला. "आत्ता टाकतो."

फोन ठेवून त्याने कॉम्प्युटर उघडला. पाचही प्रकरणं तयारच होती. एक टाकलं असतं तरी चाललं असतं. चार दिवस, चार फोन. हात तेवढ्यासाठी थांबला होताच. त्याने पाचही एकदम टाकली. मग बसल्या बसल्या आजीबाईंना मेल केला, की त्यांची हरकत नसेल तर तो पूर्ण वेबसाइटच अशी करून देईल, सगळ्या गोष्टींची, पुतण्याला काय सांगायचं ते त्या बघतील. त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फक्त एक संदेश आला: "वाचली मांजर." शब्द दोनच, पण ना काना चुकला होता, ना वेलांटी. त्याने तो कोडवाल्याला दाखवला. कोडवाला म्हणाला, "कसली मांजर?" तो म्हणाला, "जाऊ दे."

सुट्टीत मुंगी त्याच्याकडे राहायला आली. आईने तिला आणून सोडलं, खोली बघितली, "नीटनेटकं ठेवलंयस," म्हणाली आणि आपल्या मैत्रिणीकडे उतरायला गेली. वेलांटीने रजा घेतली होती. बागेत जाऊ, नदीवर जाऊ, असे बेत केले होते. मुंगी बागेत आली, नदीवरही आली, पण घरी परतली की खाटेवर पालथी पडून वाचायला लागे. आजीबाईंची वेबसाइट आता अख्खी नव्या रूपात उघडत होती आणि तिला जणू खाऊचं दुकान सापडलं होतं.

तो समोरच्या खुर्चीत बसून राही. ती वाचताना तिचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता. फोनवर ती नेहमी त्याच्याकडे बघत असे. आता डोळे ओळीवरून सरकत, टोकाला जात, न चुकता खालच्या ओळीत उतरत. भुवया मधेच वर जात, पाय हवेत हलत. कुठेतरी फार दूर गेलेली ती. एकदा खुदकन हसली.

"काय गं झालं?"

"काही नाही." मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "सांगून नाही मजा येत, बाबा. तू वाच ना."

"वाचतो," तो म्हणाला. पण उठला नाही. त्याला तिच्या चेहऱ्यावरचंच वाचायचं होतं, आणि तिथली लिपी त्याला येत नव्हती.

निघायच्या दिवशी तो बसस्टँडवर सोडायला गेला. मुंगीच्या आईने तिला खिडकीची जागा दिली. बस सुटायला वेळ होता. मुंगी बाहेर वाकून बडबडत होती, पुढच्या सुट्टीत पुन्हा येणार, नदीवर पलीकडच्या काठाला जाऊ म्हणत होती. मग बडबड ओसरली. तिने आईचा फोन मागून घेतला, गोष्ट उघडली आणि मान खाली घातली. बस सुरू झाली तेव्हा आईने तिच्या खांद्याला हलकं ढोसलं. मुंगीने नजर न उचलता हात वर केला आणि खिडकीत हलवत राहिली.

त्यानेही हात हलवला. थांब, इकडे बघ, एक मिनिट, असं सगळं ओठांवर येऊन गेलं. बस वळणाशी आली तरी तिची मान खालीच होती, चेहऱ्यावर फोनचा उजेड पडला होता, आणि ओठ अजिबात हलत नव्हते.

मागून कोणीतरी म्हणालं, "दादा, जरा सरका, सामान काढायचंय." तो बाजूला झाला.